कोड सर्वांचा, नाव एकाचे

२५ सप्टेंबर २०२४ रोजी डब्ल्यूपी इंजिन या अमेरिकी होस्टिंग कंपनीच्या ग्राहकांना एक विचित्र अडचण जाणवू लागली. त्यांच्या वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवरून प्लगइन आणि थीम अपडेट होईनात. या ग्राहकांनी पैसे वेळेवर भरले होते, कोणाचा कोड ढापला नव्हता की कोणाचे नाव लावले नव्हते. भांडण त्यांच्या होस्टिंग कंपनीचे आणि वर्डप्रेसच्या संस्थापकाचे होते, पण अपडेट बंद पडले ते यांचे.

आपल्याकडे पुण्या-मुंबईपासून कोल्हापूर-नाशिकपर्यंत असंख्य छोट्या कंपन्या आणि फ्रीलान्सर ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर पोट भरतात. कोणी वर्डप्रेसवर साइट करून देतो, कोणी सर्व्हर सांभाळतो, कोणी प्लगइन विकतो. ‘ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणाला विचारायचे कारण नाही’ हा त्यांच्यातला रुळलेला समज आहे. कोडपुरता तो बराचसा खरा आहे. नावाच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे, आणि अपडेट पुरवणाऱ्या सर्व्हरच्या बाबतीत तर धोकादायक आहे. हे तीन हक्क वेगळे ओळखता आले, तर मोठ्या कंपन्यांच्या भांडणात आपण आणि आपले ग्राहक भरडले जाणार नाहीत.

भांडण कशावरून पेटले?

वर्डप्रेस २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केले, तेही बी-टू या आधीच्या सॉफ्टवेअरचा फोर्क करून, म्हणजे त्याच्या कोडवरून वेगळा प्रकल्प काढून. जीपीएल परवान्याने तशी मोकळीक दिली होती आणि वर्डप्रेसही त्याच परवान्याखाली राहिले. मुलेनवेग यांनी २००५ मध्ये ऑटोमॅटिक ही कंपनी काढली. २०१० मध्ये ऑटोमॅटिकने ‘वर्डप्रेस’ हा ट्रेडमार्क वर्डप्रेस फाउंडेशन या ना-नफा संस्थेला दिला. या दानाचे कौतुक झाले. मात्र त्याच वेळी फाउंडेशनने नावाच्या व्यावसायिक वापराचा अनन्य हक्क ऑटोमॅटिकला परत दिला, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड येथे भरलेल्या वर्डकॅम्पमध्ये मुलेनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिनवर जाहीर टीका केली. ही कंपनी वर्डप्रेसवर बक्कळ कमावते, पण प्रकल्पाला त्या मानाने काहीच देत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पाठोपाठ दोन्ही बाजूंनी नोटिसा गेल्या. ऑटोमॅटिकची मागणी अशी होती, की ट्रेडमार्कच्या परवान्यापोटी डब्ल्यूपी इंजिनने आपल्या ढोबळ उत्पन्नाचे ८ टक्के द्यावेत, रोख किंवा वर्डप्रेसवर काम करणाऱ्या माणसांच्या पगाराच्या रूपाने. डब्ल्यूपी इंजिनने नकार दिला. मग प्लगइन आणि अपडेट पुरवणाऱ्या वर्डप्रेस डॉट ऑर्गची दारे तिला बंद झाली. मधे काही दिवस ती तात्पुरती उघडली गेली, पण २ ऑक्टोबरला प्रकरण कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात पोहोचले.

पुढे वर्डप्रेस डॉट ऑर्गवर लॉगिन करताना ‘माझा डब्ल्यूपी इंजिनशी कोणताही संबंध नाही’ अशा चौकटीत खूण करण्याची सक्ती झाली. १२ ऑक्टोबरला डब्ल्यूपी इंजिनच्या ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या वीस लाखांहून अधिक साइटवर चालणाऱ्या प्लगइनचे पानच ताब्यात घेण्यात आले आणि तिथे ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ नावाची फोर्क केलेली आवृत्ती ठेवण्यात आली. ज्यांनी अपडेट आपोआप होऊ दिले, त्यांच्या साइटवर न विचारता दुसऱ्याचे प्लगइन आले. १० डिसेंबर २०२४ रोजी न्यायाधीश अरासेली मार्टिनेझ-ओल्गिन यांनी अंतरिम आदेश देऊन डब्ल्यूपी इंजिनला पूर्वीसारखा प्रवेश द्यायला, प्लगइनचे पान परत करायला आणि ती चौकट काढून टाकायला सांगितले. हा आदेश अंतरिम होता, खटल्याचा अंतिम निकाल नव्हे.

मुलेनवेग यांच्या तक्रारीत तथ्य होते. दुसऱ्यांच्या श्रमावर व्यवसाय उभा करून परत काही न देणे हे शोभणारे नाही. पण परतफेडीची अट परवान्यात नव्हती. ती नावाच्या आडून लादायची आणि वसुलीसाठी तिऱ्हाईत साइटमालकांचे अपडेट अडवायचे, हा मार्ग चुकीचाच होता.

तीन प्रश्न, तीन उत्तरे

कोणतेही ओपन सोर्स सॉफ्टवेअर धंद्यात वापरण्यापूर्वी तीन प्रश्न वेगवेगळे विचारा.

पहिला, कोड कोणत्या परवान्याखाली आहे? हा कॉपीराइटचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोडच्या मुख्य फोल्डरमधल्या परवान्याच्या फाइलीत सापडते.

दुसरा, नाव आणि बोधचिन्ह कोणाचे? हा ट्रेडमार्कचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर परवान्यात नसते. ते प्रकल्पाच्या ट्रेडमार्क धोरणात असते.

तिसरा, अपडेट, प्लगइनची यादी, दस्तऐवज हे सगळे कोणाच्या सर्व्हरवरून येते? वर्डप्रेसच्या वादात हाच प्रश्न निर्णायक ठरला. वर्डप्रेस डॉट ऑर्ग फाउंडेशनच्या मालकीचे असेल अशी अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात ते मुलेनवेग यांच्या वैयक्तिक ताब्यात असल्याचे समोर आले. जीपीएलने कोड सगळ्यांना दिला, पण अमुक एका सर्व्हरवरून तो जन्मभर मिळत राहील अशी हमी जीपीएल देत नाही.

या तिन्ही उत्तरांत एकच कंपनी किंवा एकच माणूस दिसला, तर ते सॉफ्टवेअर वापरूच नये असे नाही. पण आपला धंदा एकाच्या मर्जीवर उभा आहे हे ओळखून त्याप्रमाणे तयारी ठेवावी.

परवान्यात काय शोधायचे?

परवाना वाचायला वकीलच हवा असे नाही. तीन-चार जागा नीट पाहिल्या तरी पुष्कळ कळते.

एमआयटी, बीएसडी आणि अपाची २.० हे सैल परवाने आहेत. मूळ कॉपीराइटच्या सूचना जपल्या, की त्या कोडवर बंदिस्त उत्पादनही करून विकता येते. जीपीएलखाली कोड विकता येतो, पण ज्याला प्रत दिली त्याला स्रोत आणि तेच हक्कही द्यावे लागतात. म्हणून ग्राहकाला जीपीएल प्लगइनमध्ये बदल करून देताना ‘हा कोड पुढे कोणाला देऊ नका’ अशी अट करारात घालू नका, ती परवान्याच्या विरुद्ध जाते. एजीपीएल आणखी एक पाऊल पुढे जातो. तुम्ही बदललेले सॉफ्टवेअर कोणाला न देता फक्त इंटरनेटवरून सेवा म्हणून चालवले, तरी वापरणाऱ्याला स्रोत मिळण्याची सोय करावी लागते.

आता नाव. अपाची २.० उघडून कलम ६ पाहा. या परवान्यातून व्यापारी नावे आणि ट्रेडमार्क वापरण्याची परवानगी मिळत नाही, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. उगम सांगण्यापुरता रास्त वापर तेवढा चालतो. तीन कलमी बीएसडी परवान्याचे तिसरे कलम सांगते, की लेखी परवानगीशिवाय मूळ निर्मात्यांची नावे आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी वापरायची नाहीत. एमपीएल २.० मध्येही ट्रेडमार्कचे हक्क वगळले आहेत. म्हणजे नाव वेगळे आहे ही गोष्ट लपवलेली नाही, आपण तिथवर वाचत नाही इतकेच.

पाटीवर काय लिहायचे?

गॅरेजवाला ‘येथे अमुक कंपनीच्या गाड्या दुरुस्त होतात’ अशी पाटी लावतो, तेव्हा तो खरे तेच सांगत असतो. तोच ‘अमुक कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र’ असे लिहू लागला, की प्रकरण बदलते. सॉफ्टवेअरच्या नावांनाही हाच नियम लागू आहे. भारताच्या ट्रेडमार्क कायदा, १९९९ मधील कलम ३० प्रामाणिक आणि वर्णनात्मक वापराला संरक्षण देते: सेवा कशासाठी आहे, माल कशाबरोबर चालतो, हे सांगण्यापुरते दुसऱ्याचे नाव घेता येते. गिऱ्हाइकाचा गोंधळ झाला किंवा आपले त्या कंपनीशी नाते असल्याचा भास झाला, की ते संरक्षण डळमळते.

प्रत्यक्षात ते असे पाळा:

• ‘आम्ही वर्डप्रेसवर वेबसाइट तयार करतो’ हे वाक्य बिनधास्त लिहा. कंपनीच्या नावात मात्र ‘वर्डप्रेस’ घालू नका.

• डोमेनमध्ये ‘वर्डप्रेस’ हा पूर्ण शब्द नको, असे फाउंडेशनचे धोरण स्पष्ट सांगते. डोमेन घेऊन, व्हिजिटिंग कार्ड छापून झाल्यावर हे कळले तर सगळा खर्च पाण्यात जातो.

• प्लगइनला नाव देताना आपले नाव आधी आणि दुसऱ्याचे नंतर. ‘अमुक फॉर वूकॉमर्स’ चालते, ‘वूकॉमर्स अमुक’ चालत नाही.

• दुसऱ्याचे बोधचिन्ह आपल्या बोधचिन्हात मिसळू नका. रंग आणि अक्षरवळणही इतके जवळचे नको, की पाहणाऱ्याला एकाच घरचे वाटावे.

• ‘अधिकृत’, ‘मान्यताप्राप्त’, ‘भागीदार’ हे शब्द लेखी करार हातात असेल तरच वापरा.

• साइटच्या तळाशी एक ओळ ठेवा: ‘वर्डप्रेस हा वर्डप्रेस फाउंडेशनचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, आमची कंपनी त्या संस्थेशी संलग्न नाही.’

शिवाय, ही धोरणे बदलतात. ‘डब्ल्यूपी’ हे लघुरूप हवे तसे वापरा, असे वर्डप्रेसचे धोरण पूर्वी सांगत असे. वाद पेटल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये तो मजकूर बदलला. ‘डब्ल्यूपी’ ट्रेडमार्कमध्ये येत नाही हे कायम राहिले, पण लोकांचा गोंधळ होईल असे ते वापरू नये अशी विनंती आली आणि उदाहरण म्हणून थेट डब्ल्यूपी इंजिनचा उल्लेख आला. म्हणून आपण नाव ठरवतो त्या दिवशी धोरणाच्या पानाची तारखेसह प्रत काढून ठेवावी. उद्या वाद झाला तर आपण त्या वेळी प्रामाणिक होतो हे दाखवायला ती कामाला येते.

नावाचा आग्रह फक्त नफा कमावणाऱ्या कंपन्याच धरतात असेही नाही. फायरफॉक्सचा कोड मोकळा असूनही, डेबियन या लिनक्स वितरणाने त्यात आपले बदल करून तेच नाव ठेवण्याला मोझिला या ना-नफा संस्थेने हरकत घेतली. म्हणून २००६ पासून डेबियनवर तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ नावाने मिळत होता. २०१६ मध्ये समेट झाल्यावर ‘फायरफॉक्स’ परतले. कंपन्यांचे उदाहरण घ्यायचे तर, ओरॅकलने सन ही कंपनी विकत घेतल्यावर ‘ओपनऑफिस’ हे नाव ओरॅकलकडे गेले. २०१० मध्ये त्या प्रकल्पाचे स्वयंसेवक बाहेर पडले तेव्हा त्यांना कोड नेता आला, नाव नेता आले नाही. आज मराठीतही वापरता येणारे लिबरऑफिस हे त्याच कोडचे नव्या नावाचे रूप आहे.

परवानाच बदलला तर?

दुसरा मोठा धोका म्हणजे चालत्या गाड्यात परवाना बदलणे. २०१८ मध्ये मोंगोडीबीने, २०२१ मध्ये इलॅस्टिकने, ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मच्या हॅशिकॉर्पने आणि मार्च २०२४ मध्ये रेडिसने आपले परवाने आवळले. सगळ्यांची तक्रार साधारण एकच: आम्ही सॉफ्टवेअर घडवायचे आणि बड्या क्लाउड कंपन्यांनी किंवा प्रतिस्पर्ध्यांनी ते सेवा म्हणून विकायचे.

इलॅस्टिकच्या प्रकरणात कोड आणि नाव हे दोन धागे स्पष्ट वेगळे दिसतात. ॲमेझॉनने २०१५ मध्ये ‘ॲमेझॉन इलॅस्टिकसर्च सर्व्हिस’ सुरू केली. कोड अपाची परवान्याखाली असल्याने ती चालवायला अडचण नव्हती. पण नावावरून इलॅस्टिकने २०१९ मध्ये दावा लावला. दरम्यान २०२१ मध्ये इलॅस्टिकने परवाना बदलला, तेव्हा ॲमेझॉनने जुन्या परवान्याखालच्या शेवटच्या आवृत्तीचा फोर्क काढून त्याला ‘ओपनसर्च’ नाव दिले. नावाचा दावा २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. टेराफॉर्ममधून ‘ओपनटोफू’ आणि रेडिसमधून ‘व्हॅल्की’ निघाले ते याच रीतीने. दोन्ही आता लिनक्स फाउंडेशनकडे आहेत. पुढे इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय देऊन ओपन सोर्सकडे पाऊल मागे घेतले.

अशी बातमी आली की घाबरून स्थलांतर करू नका. आधी हे तपासा:

• आधी प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्या जुन्याच परवान्याखाली राहतात. नवा परवाना नव्या आवृत्तीपासून लागतो. तुमच्या सर्व्हरवर नेमकी कोणती आवृत्ती आहे ते लिहून काढा आणि आपोआप होणारे मोठे अपडेट थांबवा.

• तुमचा वापर कोणता आहे ते पाहा. हॅशिकॉर्पने घेतलेला बीएसएल परवाना मुख्यतः स्पर्धक सेवा विकणाऱ्यांना रोखतो. स्वतःच्या कंपनीत वापरणाऱ्याचे सहसा काही बिघडत नाही, आणि प्रत्येक आवृत्ती चार वर्षांनी पुन्हा एमपीएलखाली येते. पण तेच सॉफ्टवेअर तुम्ही अनेक ग्राहकांना सेवा म्हणून विकत असाल, तर वकिलाला दाखवा.

• जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार ते पाहा. तिथवरची मुदत तुमच्या हातात आहे.

• फोर्क निघाला असेल, तर त्यामागे एकच कंपनी आहे की अनेक, हे पाहूनच त्याकडे वळा.

परवाना बदलण्याची शक्यता आधीच ओळखता येते. सगळा कॉपीराइट एका कंपनीकडे असेल, किंवा बाहेरून कोड देणाऱ्यांकडून ती हक्कांचा करार लिहून घेत असेल, तर तिला एकटीला परवाना बदलता येतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये हजारो लोकांचा कॉपीराइट विखुरलेला आहे. तिथे असा बदल व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे.

नोटीस आली तर

त्याच दिवशी तावातावाने उत्तर देऊ नका, आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. आधी आरोप कशाचा आहे ते पाहा: कॉपीराइटचा, ट्रेडमार्कचा की कराराचा? तिन्हीची उत्तरे वेगळी असतात. साइटचे आहे तसे स्क्रीनशॉट, परवान्याची प्रत आणि डोमेन घेतल्याची तारीख जपून ठेवा. पुरावा पुसू नका.

चूक खरी असेल तर लगेच दुरुस्त करा आणि तसे लेखी कळवा. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत तर पहिल्यांदाच उल्लंघन करणाऱ्याने सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली, तर त्याचे हक्क पूर्ववत होतात. नोटीस निराधार असेल तर दबून जायचेही कारण नाही. ट्रेडमार्क कायद्याचे कलम १४२ निराधार धमक्यांविरुद्ध न्यायालयात जाण्याची सोय देते. पैसे देण्याची किंवा ‘यापुढे असे करणार नाही’ अशी हमी लिहून देण्याची वेळ येईल, तेव्हा बौद्धिक संपदेचे काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय सही करू नका.

ग्राहकाशी करार करताना

ग्राहकाला हे तपशील सहसा माहीत नसतात आणि साइट बंद पडली की तो तुम्हालाच फोन करतो. म्हणून कोटेशनमध्येच चार गोष्टी लिहा: कोणती ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरली आणि त्यांचे परवाने कोणते, तिऱ्हाईताने अपडेट किंवा सेवा थांबवली तर पर्यायी व्यवस्थेचा खर्च कोणाचा, डोमेन आणि खाती कोणाच्या नावावर, आणि बॅकअप कुठे. डोमेन नेहमी ग्राहकाच्याच नावावर असावे. साइटवरच्या प्लगइनच्या प्रती आपल्याकडे जपाव्यात आणि महत्त्वाच्या साइटवर अपडेट आधी चाचणीच्या प्रतीवर करून पाहावे. सिक्युअर कस्टम फील्ड्सच्या वेळी अशी सवय असलेल्यांना निर्णय घ्यायला सवड मिळाली.

तुमचाच प्रकल्प असेल तर

कोड मोकळा करण्यापूर्वी नाव सांभाळा. बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या नावाची नोंद आधीच आहे का हे विनामूल्य शोधता येते. सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९ आणि सॉफ्टवेअर सेवांसाठी वर्ग ४२ पाहावा. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये आहे. नोंदणी १० वर्षे टिकते आणि नूतनीकरण करता येते.

नावाचे धोरण पहिल्याच दिवशी साध्या भाषेत लिहा: काय चालेल, काय चालणार नाही, कशासाठी पैसे लागतील. वर्षानुवर्षे गप्प राहून गिऱ्हाईक मोठे झाल्यावर हिशेब मागितला, की विश्वास जातो. आणि प्रकल्प वाढू लागला की नाव, डोमेन आणि सर्व्हर एकाच माणसाच्या हातात ठेवू नका. त्या माणसाचा हेतू कितीही चांगला असो.

आपलेही काही देणे लागते

मुलेनवेग यांनी निवडलेला मार्ग चुकला, तरी त्यांनी मांडलेला प्रश्न आपल्यालाही लागू आहे. ज्या कोडवर आपले घर चालते, त्याला आपण काय देतो? पैसेच द्यायला हवेत असे नाही. एखादा दोष नीट नोंदवा, दस्तऐवज सुधारा. वर्डप्रेसची मराठी आवृत्ती स्वयंसेवकांच्या अनुवादावर उभी आहे, तिथे हात लावा. सक्तीची वसुली नको असेल, तर स्वेच्छेने देणारे हात वाढले पाहिजेत.

आणि पुढचे कोटेशन पाठवण्यापूर्वी एवढे कराच: परवान्याची फाइल उघडा, ट्रेडमार्कचे धोरण वाचा, अपडेट कुठून येतात ते शोधा आणि तिन्ही उत्तरे तारखेसह लिहून ठेवा.